गिरणगावातील बाळगोळी

मुंबई इलाख्यातील अफूचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास साधनांची वाण पडत नाही. माळव्यातून निघालेल्या पेट्यांवर बसविलेली पासाची फी, आबकारी खात्याचे वार्षिक अहवाल, दुकानांच्या मक्त्याचे लिलाव, कोणत्या शहरात दर दहा हजार वस्तीमागे किती शेर अफू खपली याचे तक्ते, आणि विलायतेहून आलेल्या चौकशीमंडळापुढे झालेल्या शेकडो साक्षी, इतका दस्तऐवज एखाद्या मादक पदार्थाविषयी क्वचितच जमला असेल. परंतु या सगळ्या दप्तरात अफू खाणारा किंवा ओढणारा जो मनुष्य भेटतो, तो जवळजवळ नेहमी पुरुष असतो. तो अड्ड्यावर बसतो, परवानेदाराच्या दुकानातून आपला वाटा विकत घेतो, सोबत्यांच्या मेळ्यात अफूचा कसुंबा पितो, कर्जबाजारी होतो, फौजदारी खटल्यात सापडतो आणि अखेरीस एखाद्या डॉक्टरच्या जबानीत दाखल्यापुरता उरतो. स्त्री या कागदांत येते ती कोणाची तरी पत्नी, माता वा विधवा म्हणून. तिच्या हातच्या अफूला कोणत्याही तक्त्यात स्वतंत्र रकाना नाही. आणि तरीही विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या लेकुरवाळ्या बायकांपैकी रोज अफूला हात न लावणारी बाई अपवादानेच सापडली असती, असे म्हणावयास भक्कम आधार आहे. तो आधार इतक्या उशिरा का उजेडात आला आणि उजेडात आल्यावर त्याचा अर्थ लोकांनी कसा लावला, हाच या लेखाचा विषय आहे.

या शहराचा अफूशी असलेला संबंध गिरण्यांहून जुना आहे. शिंदे-होळकरांच्या मुलखात, म्हणजे माळव्याच्या काळ्या जमिनीत, पिकणारी अफू कंपनी सरकारच्या बंगाली मक्त्याबाहेरची होती. तिला समुद्राकडे जाऊ न देण्याचे प्रयत्न फसल्यावर १८३० च्या सुमारास सरकारने धोरण बदलले आणि ठराविक फी भरून पास घेणाऱ्या व्यापाऱ्यास आपला माल मुंबई बंदरातून चीनकडे पाठविण्याची मोकळीक दिली. १८४३ मध्ये सिंध प्रांत इंग्रजांच्या हाती आल्यावर कराचीकडची चोरवाट बंद झाली. तेव्हापासून ही फी चढत गेली आणि १८६१ मध्ये एका पेटीमागे ७०० रुपयांपर्यंत पोहोचली. सुमारे १४० पौंडांच्या एका पेटीवर एवढी रक्कम सरकारी खजिन्यात पडत असे, यावरून या व्यापाराच्या विस्ताराची कल्पना यावी. सर जमशेटजी जिजीभाईंसारख्या शेट-सावकारांची संपत्ती चीनच्या ज्या व्यापारावर उभी राहिली, त्यात कापसाच्या गठड्यांच्या बरोबरीने अफूच्या पेट्याही होत्या. आणि या शहरातील रुग्णालये, धर्मशाळा, विद्यालये यांच्या पायात त्या संपत्तीचा अंश आहे, हे इतिहासाने लपवू नये. व्यापाराच्या या थोरल्या प्रवाहापुढे शहरात व इलाख्यात किरकोळीने विकली जाणारी अफू ही सरकारच्या दृष्टीने लहानशी बाब होती. आपल्या विषयाला मात्र तीच महत्त्वाची आहे.

पुरुषाच्या अफूला जागा होती आणि सोबत होती. काठेवाड, कच्छ व राजपुतान्यातील दरबारांत अफू पाण्यात घोळून, कापडातून गाळून, तो कसुंबा यजमान आपल्या हाताने पाहुण्यापुढे धरीत असे; सोयरीक ठरली, तंटा मिटला, वैर संपले, म्हणजे तो पाजावयाचा, आणि तो नाकारणे म्हणजे सलोखा नाकारणे. शहरातील हलक्या वस्त्यांत याचे रूप वेगळे होते. तेथे अफूपासून केलेला चंडू किंवा मदक ओढण्याचे अड्डे होते, अंधाऱ्या खोलीत आडवे पडून ओढणाऱ्यांचे नेहमीचे टोळके होते, आणि १८७८ च्या अफूच्या कायद्याप्रमाणे परवाना घेऊन दुकान चालविणारा मक्तेदार होता. १८९० नंतरच्या एकदोन वर्षांत सरकारने दुकानात बसून ओढण्यास मनाई केली, तेव्हा ओढणारे आपापल्या खाजगी मंडळ्या करून बसू लागले, आणि त्या मंडळ्यांचाही बोभाटा झाला. म्हणजे प्रतिष्ठित दरबारात काय किंवा बदनाम अड्ड्यावर काय, पुरुष जेव्हा अमली पदार्थ घेई तेव्हा तो चारचौघांत घेई. त्याची वाहवा झाली तरी चारचौघांत आणि छी:थू झाली तरी चारचौघांत.

ज्या काठेवाडात कसुंबा मैत्रीची खूण होती, त्याच काठेवाडात घरच्या आतल्या भागात अफूचा दुसरा एक उपयोग होता, आणि त्याची हकीगत लिहिताना लेखणी जड होते. जाडेजा राजपुतांच्या कुळांत जन्मलेल्या मुली जगू न देण्याचा रिवाज मुंबईचे गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कानी आला. त्यांच्या हुकुमावरून कर्नल वॉकर यांनी चौकशी करून १८०८ मध्ये जाडेजा सरदारांकडून हा रिवाज सोडून देण्याचे लेखी करार घेतले. त्या काळच्या आणि त्यानंतरच्या वृत्तांतांत मुलीला मारण्याचे जे उपाय वर्णिले आहेत, त्यांत आईच्या स्तनाला अफू चोपडणे हा एक आहे. एकाच वाड्याच्या पुढच्या चौकात जो पदार्थ पुरुषांच्या सख्याची ग्वाही देत होता, तोच मागच्या दाराच्या खोलीत मुलीच्या जिवाचा निकाल लावीत होता. आणि हे काम बहुधा बायकांच्या हातून, पुरुषांच्या इच्छेने होत असे. कर्त्याचा हात आणि कर्त्याची इच्छा यांच्यातील ही फारकत आपणांस पुढे मुंबईच्या चाळीतही, निराळ्या आणि कितीतरी कमी क्रूर रूपात, भेटणार आहे.

१८९३ मध्ये पार्लमेंटातील अफूविरोधकांच्या रेट्यामुळे लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली शाही कमिशन नेमले गेले. त्यात दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वर सिंह आणि जुनागडचे माजी दिवाण हरिदास विहारीदास देसाई हे दोन हिंदी गृहस्थ होते. कमिशनने कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत फिरून सातशेहून अधिक साक्षी घेतल्या आणि १८९५ मध्ये निर्णय दिला तो असा, की हिंदुस्थानात अफू बहुतांशी बेताने घेतली जाते आणि औषधी कारणाखेरीज तिच्यावर बंदी घालण्याचे प्रयोजन नाही. हेन्री विल्सन या एकट्या सभासदाने मतभेदाची पत्रिका जोडली. माझ्या मते या प्रचंड अहवालाचा खरा दोष त्याच्या निर्णयाहून त्याच्या साक्षीदारांच्या निवडीत आहे. साक्षीदार म्हणजे कलेक्टर, सिव्हिल सर्जन, लष्करी अंमलदार, जमीनदार, व्यापारी, मिशनरी. आणि पृच्छा अशी, की अफू खाणारा शिपाई कूच करू शकतो काय, अफू खाणारा कुळंबी नांगर धरू शकतो काय. लहान मुलांना अफू देण्याची चाल पश्चिम हिंदुस्थानात, राजपुतान्यात व माळव्यात सर्रास आहे, असे कित्येक साक्षीदारांनी सांगितले. परंतु ते ओघात सांगितले आणि ऐकणाऱ्यांनीही ओघातच ऐकले. ती बायकांची घरगुती बाब ठरली. ती कोणती बाई, किती वेळा, कशासाठी करते, हे तिलाच विचारावे, असे कोणाच्या मनात आल्याचे दिसत नाही.

त्याच सुमारास गांजा-भांगेची चौकशी करणाऱ्या मॅकवर्थ यंग यांच्या कमिशननेही अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या, आणि तेथेही स्त्रियांच्या व्यसनाचा विषय एवढ्यावरच आटोपला, की कुलीन स्त्रिया गांजा ओढीत नाहीत, कसबिणी व बैरागिणी क्वचित ओढतात. व्यसनी स्त्री म्हणजे पतित स्त्री, आणि पतित नसलेली स्त्री व्यसनी असूच शकत नाही, हा समज साहेबांचा होता तसाच तो आपल्या सुशिक्षितांचाही होता. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये पुण्यातील वाढत्या दारूदुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे लिहिले. १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. ही दोन्ही कामे थोर होती. पण या सगळ्या चळवळींच्या भाषेत स्त्री उभी राहते ती दारूबाजाच्या उंबरठ्याआड, उपाशी आणि सोशीक. गडकऱ्यांच्या निधनानंतर रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ने ही मूर्ती महाराष्ट्राच्या अंतःकरणात कायमची कोरली. दळणकांडण करून संसार रेटणारी सिंधू, आणि दारूच्या धुंदीत स्वतःच्या तान्हुल्याचा जीव घेणारा सुधाकर, हे चित्र पाहून प्रेक्षागृहे रडली आणि त्या रडण्यात खोटे काही नव्हते. मात्र ज्या वर्षांत हा प्रयोग गाजत होता, त्याच वर्षांत परळ-लालबागच्या खोल्यांतून तान्ही मुले बापाच्या प्याल्याने नव्हे, आईने उगाळून दिलेल्या गोळीने गुंगीत पडत होती. आणि ती आई सिंधूइतकीच कष्टाळू व मुलावर जीव टाकणारी होती. तिच्यावर नाटक कोणी लिहिले नाही, कारण तिच्या गोष्टीत दोष कोणाच्या पदरात टाकावयाचा हे ठरविणे सोपे नव्हते.

आता त्या आईकडे वळू. कावसजी दावर यांची पहिली सूतगिरणी १८५६ मध्ये चालू झाल्यापासून अर्धशतकात मुंबईत गिरण्यांची जी दाटी झाली, तीत घाटावरून व कोकणातून आलेल्या बायकांचा भरणा मोठा होता. गिरणीकामगारांत त्यांचे प्रमाण सुमारे पाचवा हिस्सा होते. त्या मुख्यत्वे रिळिंग आणि वाइंडिंग या खात्यांत असत. त्यांवर देखरेख करणाऱ्या बाईस नायकीण म्हणत. कामावर घेणे, काढणे, हजेरी मांडणे, बदली बाई लावणे हे सारे तिच्या मर्जीवर. मजुरी उक्ती, म्हणजे जेवढे सूत गुंडाळाल तेवढे दाम. तेव्हा तासभर मुलाला पाजावयास घरी गेलेल्या बाईचा तास फुकटच जावयाचा. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाला दिवसाकाठी अकरा तासांची मर्यादा घातली, म्हणजे त्याआधी ती तेवढीही नव्हती. यांत किती तरी विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, आणि ज्यांच्या नवऱ्याची मिळकत भाडे, वाणी व पठाण यांना भागवून उरत नव्हती अशाही होत्या. ‘बाई हौसेने गिरणीत जाते’ असे त्या काळी कोणी म्हटले असेल, तर त्याने रिळिंग खाते पाहिलेले नव्हते.

भोंगा होण्यापूर्वीच्या अंधारात या बाईची सकाळ सुरू होई. नळावर नंबर लावून आणलेले पाणी, रात्रीच्या भाकरीचा तुकडा, मडक्यात झाकून ठेवलेले कालवण; आणि निघण्यापूर्वीचे शेवटचे काम म्हणजे मुलाची गोळी. ही बाळगोळी मोहरीपासून बाजरीच्या दाण्याएवढी, काळपट तपकिरी रंगाची. तीत अफूबरोबर जायफळ, केशर असली द्रव्ये घातलेली असत, त्यामुळे ती बाळगुटीच्या मानमरातबाने घरात वावरत असे. सहाणेवर दोन थेंब पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात ती उगाळावयाची, करंगळीच्या टोकाने ते गंध मुलाच्या टाळूला लावून चाटवावयाचे, मग मूल पाजावयाचे आणि झोळीत घालावयाचे. चाळीतली एखादी म्हातारी, जिचे डोळे अधू होऊन काम सुटले आहे, ती चार-सहा घरांची मुले मिळून सांभाळी. तिला त्याबद्दल दर मुलामागे थोडे पैसे मिळत, आणि अशी सहा मुले एका खोलीत दिवसभर सांभाळावयाची असतील तर ती निजलेली असणे हीच तिच्या कामाची पहिली अट होती. मुले निजत. दुपारच्या सुटीत जिला जमे ती आई धावत येई, पाजून जाई. जिला जमत नसे तिचे दूध दाटून येई आणि मूल भूक विसरून संध्याकाळपर्यंत पडून राही. हा क्रम मूल दोन-तीन वर्षांचे होईपर्यंत चाले.

या गुंगीची किंमत मुलाच्या शरीराने भरली. अफूने आतड्यांची हालचाल मंदावते, भूक मरते, खोकल्याची उबळ दबते. म्हणून अशा मुलाला मलावरोध जडे, ते सुके, आणि पावसाळ्यात छाती भरली म्हणजे कफ बाहेर टाकण्याची शक्ती त्याच्यात उरत नसे. मात्रा ठरवावयाची तर ती बोटाच्या अंदाजाने. नव्या पुडीतली गोळी जुनीहून तीव्र निघाली तर मूल उठतच नसे. याहून बिकट गोष्ट अशी, की एखाद्या आईने कोणाच्या सांगण्यावरून गोळी बंद केलीच, तर दुसऱ्या दिवशी मूल आक्रोश करी, त्याला हगवण लागे, नाक वाहू लागे, झोप उडून जाई. वैद्यक जाणणाऱ्यास यात अफू तुटल्याची लक्षणे दिसतात. त्या आईला मात्र त्यात रोग दिसे, आणि गोळी दिल्याबरोबर रोग नाहीसा झालेलाही दिसे. म्हणजे गोळी ही औषध आहे हा तिचा विश्वास तिच्या डोळ्यांदेखत रोज खरा ठरत होता. अशा अनुभवसिद्ध विश्वासाला ‘अडाणी समजूत’ म्हणून झटकून टाकणे पांढरपेशांना सोपे गेले.

हे सगळे सरकारी कागदात प्रथम नीट उतरले ते १९२२ मध्ये. वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत १९१९ साली प्रसूतिरक्षणाचा करार झाला होता. त्या अनुषंगाने कारखान्यांतील स्त्रियांच्या बाळंतपणाची स्थिती तपासण्यासाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली. त्यांनी दप्तरात बसून पत्रके मागविली नाहीत; त्या चाळी चढल्या. सुमारे पंधरा फूट लांब व बारा फूट रुंद अशा एका खोलीत त्यांना सहा संसार आढळले; जमिनीवर सहा निरनिराळ्या चुली होत्या आणि लहानमोठी मिळून तीस माणसे त्या खोलीत राहत होती. त्या सहांपैकी तीन बायका लवकरच बाळंत व्हावयाच्या होत्या. येथे बाळंतपणाचा आडोसा कसा करणार, असे त्यांनी सोबतच्या परिचारिकेला विचारले, तेव्हा तीन-चार फुटांचा एक कोपरा दाखविण्यात आला, ज्यापुढे त्या प्रसंगी पडदा लावीत. आणि अशाच खोल्यांतून विचारपूस करता करता त्यांना जो आकडा मिळाला तो ‘लेबर गॅझेट’मध्ये छापून आला : कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या अर्भकांपैकी शेकडा ९८ अर्भकांना अफू दिली जाते.

ज्या प्रश्नाचे उत्तर सातशे साक्षीदारांना देता आले नाही, ते एका बाईने दुसऱ्या बाईच्या चुलीशी बसून मिळविले. अफू काही लपवून ठेवलेली नव्हती. ती सहाणेशेजारी कोनाड्यात उघडी होती. पण त्या कोनाड्यापर्यंत जाण्याचा रस्ता पुरुष अंमलदाराला नव्हता, आणि आबकारी निरीक्षकाच्या नजरेला दुकान, तराजू व परवाना यांपलीकडे काही दिसण्याचे कारण नव्हते. त्याच्या हिशेबी अफूच्या तोळ्याचा ग्राहक पुरुष होता, कारण दुकानावर जाऊन तो बहुधा पुरुषच विकत घेई. खोलीत आल्यावर त्यातून बाजरीएवढ्या किती गोळ्या वळल्या जातात याचा तक्ता त्याच्याजवळ कोठून असणार?

जिनीव्हा येथे १९२४-२५ मध्ये अफूच्या परिषदा भरल्या, तेव्हा राष्ट्रसंघाच्या वैद्यकीय मानाप्रमाणे दर दहा हजार लोकवस्तीस वर्षाला सहा शेर अफू पुरेशी धरली होती. त्या मानाने मुंबई शहराचा खप ४३ शेर होता, अहमदाबादचा ४२, आणि सोलापूरचा ३५. या तीन शहरांत काय समान होते, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. सी. एफ. अँड्र्यूज यांनी १९२६ साली हिंदुस्थानातील अफूच्या अनर्थावर जे पुस्तक लिहिले, त्यात मुलांना दिल्या जाणाऱ्या अफूचा प्रश्न त्यांनी जगापुढे मांडला. अँड्र्यूज यांचे हृदय मोठे होते आणि त्यांचा रोख सरकारच्या महसुलावर होता. परंतु त्यांच्यानंतर हा आकडा ज्यांच्या ज्यांच्या तोंडी बसला, त्यांपैकी पुष्कळांनी त्याचा उपयोग हिंदी मातेच्या अज्ञानाचे प्रमाणपत्र म्हणून केला. आरोग्य-सप्ताहांत, व्याख्यानांत, हस्तपत्रकांत आईला उपदेश सुरू झाला. मला या उपदेशाचा मनस्वी राग येतो. त्यात अफू देऊ नये हे सांगितलेले असे. अफू न देता मुलाला कोठे ठेवावे हे सांगितलेले नसे.

या संदर्भात लँकेशायरची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. ज्या सूतगिरण्यांचा नमुना मुंबईने उचलला, त्या मँचेस्टरच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कामाला जाणाऱ्या इंग्रज बायका आपल्या मुलांना ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित गोड औषध पाजीत आणि शेजारणीकडे ठेवीत. एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. तेथेही डॉक्टरांनी आणि पाद्र्यांनी आईलाच दोष दिला. लँकेशायरच्या बाईला गंगाजमनी संस्कृती ठाऊक नव्हती, कसुंबा ठाऊक नव्हता, बाळगुटीही ठाऊक नव्हती. तरी तिने तेच केले. म्हणून बाळगोळी ही पौर्वात्य रूढी होय असे म्हणणाऱ्याने यंत्राच्या पट्ट्याकडे आणि भोंग्याच्या वेळेकडे पाहिलेच नाही, असे म्हणावे लागते. खेड्यातही मुलाला क्वचित अफू देत, दुखण्यात देत, दात येताना देत. रोज, ठराविक वेळी, कामावर जाण्याच्या अगोदर देण्याची शिस्त आईला गिरणीने लावली.

आणि बायका स्वतः? गिरणीतला पुरुष सुटल्यावर गुत्त्यात जाई, तेथे त्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, असे, गाववाले असत, उधारी मिळे, नोकरीची बातमी कळे. त्याच्या व्यसनाला एक समाज होता. बाई सुटली की चुलीशी जाई. तिच्या वाट्याला आलेल्या अमली वस्तू अशा होत्या, ज्या कामात खंड न पाडता, उभ्या उभ्या, इतर कोणाच्या सोबतीवाचून घेता येतील : तव्यावर तंबाखू जाळून केलेली मशेरी, चिमूटभर तपकीर, पान-तंबाखूचा तोबरा. मशेरीला दात घासण्याचे निमित्त होते आणि ते निमित्त दिवसातून चारदा निघे. तिने भूक मारता येई. बाळंतपणानंतरच्या दुखण्यावर, संधिवातावर, जुनाट हगवणीवर अफू घेऊन तिची सवय लागलेल्या वयस्क बायकाही होत्या, परंतु त्या अफूला व्यसन म्हणत नसत, औषध म्हणत. आणखी एका ठिकाणी स्त्री आणि अफू यांची गाठ पडे, ती केमिकल ॲनलायझरच्या कचेरीत. मुंबई सरकारचे रासायनिक परीक्षक डॉ. लायन यांच्या १८८९ च्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथात नमूद आहे, की या देशात खुनासाठी सोमल आणि आत्महत्येसाठी अफू ही ठरलेली विषे होत. सासुरवासाने गांजलेल्या सुनेला विहिरीखेरीज दुसरी वाट हवी असेल, तर ती सासूच्या डबीत होती.

स्त्रियांचे व्यसन मोजण्याची ही अडचण केवळ भूतकाळातली नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मद्य घेणारे पुरुष शेकडा २७.३ आणि स्त्रिया शेकडा १.६ भरल्या. हे अंतर मोठ्या अंशी खरेच आहे. पण जिथे पुरुषाची सवय सांगितली तर हसण्यावारी जाते आणि बाईची सांगितली तर तिचे घर तुटते, तिथे दारात उभ्या राहिलेल्या पाहणीकाराला मिळणारी दोन उत्तरे सारख्याच मोलाची धरता येत नाहीत. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेथे प्रथम पुरुष रुग्णांचीच रीघ लागली. स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग उभा राहावयास बरीच वर्षे जावी लागली.

गिरणगावाकडे परत येऊ. डॉ. बार्न्स यांच्या अहवालाने निदान एक गोष्ट साधली, की चर्चा हळूहळू आईच्या स्वभावावरून तिच्या मजुरीवर सरकली. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात आणलेले प्रसूतिभत्त्याचे बिल नापास झाले. पुढे मुंबई कायदे कौन्सिलात आसवले यांनी ते आणले. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असून तिच्या श्रमाचा नफा घेणाऱ्या मालकाने त्याचा भार उचलणे न्याय्य आहे, अशा आशयाचे प्रतिपादन केले. १९२९ मध्ये कायदा झाला. हिंदुस्थानातील अशा प्रकारचा तो पहिलाच. प्रसूतीपूर्वी तीन आणि नंतर चार आठवडे रोजचे आठ आणे, एवढे बाईच्या पदरात पडले. सात आठवड्यांनी ती पुन्हा खात्यात उभी राही, आणि मूल चार आठवड्यांचे असे. उरलेली दोन वर्षे पाळणाघराची होती. काही गिरण्यांनी आपणहून पाळणाघरे काढली. १९३४ च्या कारखाने कायद्याने प्रांतिक सरकारांना त्याची सक्ती करण्याचा अधिकार दिला, आणि १९४८ च्या कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या प्रत्येक कारखान्यावर ती सक्ती आली. जेथे पाळणाघर बरे चालले, जेथे सांभाळणारी बाई स्वच्छ आणि मायाळू होती, तेथे गोळीची गरज मावळली. उपदेशाने जे झाले नव्हते ते एका झोळीने आणि वेळेवर पाजावयास मिळालेल्या सुटीने झाले.

परंतु याच काळात दुसरीही एक गोष्ट घडत होती. प्रसूतिभत्ता आणि पाळणाघर हा खर्च आहे, हे मालकांच्या ध्यानात आले. पोटुशी दिसताच बाईला कमी केल्याच्या तक्रारी होऊ लागल्या. ‘रॅशनलायझेशन’च्या नावाखाली रिळिंगचे खाते आटले, वाइंडिंगवर नवी यंत्रे आली, आणि बायकांच्या जागी पुरुष लागले. ज्या गिरण्यांत १९२० च्या दशकात सुमारे पाचवा हिस्सा बायका होत्या, तेथे स्वातंत्र्याच्या सुमारास त्या शेकडा बारांच्या आसपास राहिल्या आणि पुढील पंचवीस-तीस वर्षांत त्यांची संख्या नगण्य झाली. इकडे १९३६ मध्ये मुंबईत अफू ओढण्यास बंदी करणारा कायदा झाला, १९४९ मध्ये दारूबंदीच्या कायद्याने अफूवर परवाना आला, आणि १ एप्रिल १९५९ पासून वैद्यकीय कारणाखेरीज अफूची विक्री सबंध देशात थांबली. तेव्हा बाळगोळी संपली ती काही अंशी कायद्याने, काही अंशी पाळणाघराने आणि बऱ्याच अंशी आईच गिरणीबाहेर पडल्याने. बाहेर पडलेल्या बायका कोठे गेल्या हे लालबागेत अजूनही सांगतात : कोणी खानावळ घातली, कोणी भाजीची पाटी डोक्यावर घेतली, कोणी दादर-माटुंग्याच्या बिऱ्हाडांत धुणीभांडी धरली, कोणी घरी बसून विड्या वळल्या. त्या कामांना प्रसूतिभत्ता नव्हता, पाळणाघराचे कलम लागू नव्हते, आणि तेथे त्यांची मुले दिवसभर कोणाजवळ आणि कशी राहतात याची विचारपूस करणे हे कोणत्याही खात्याचे काम नव्हते.